स्थिर लिनक्स-प्रणालीत नवीन पॅकेजांचा शोध

१. तीन प्रश्न

जून २०२५ मध्ये शाळा सुरू झाल्या, त्या वेळचा एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. एका शाळेच्या संगणककक्षात वीस संगणक आहेत. त्या सर्वांवर 'डेबियन' ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली चालते. तिची आवृत्ती बारावी असून तिचे नाव 'बुकवर्म' असे आहे. ही आवृत्ती १० जून २०२३ रोजी प्रसिद्ध झाली. दोन वर्षे हे संगणक विनातक्रार काम करीत आले आहेत.

एकाच आठवड्यात कक्षाच्या शिक्षकांपुढे तीन प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न असा, की शाळेने घेतलेल्या नव्या लॅपटॉपमधील वायफायचे कार्ड ह्या प्रणालीस ओळखताच येत नाही. दुसरा असा, की पायथॉन भाषा शिकणाऱ्या वर्गाच्या नव्या पुस्तकात वापरलेले एक मॉड्यूल शाळेच्या संगणकांवर आहे खरे, पण ते जुने आहे व पुस्तकातील उदाहरणे त्यावर चालत नाहीत. तिसरा प्रश्न एका चौकस विद्यार्थ्याचा आहे. तो विचारतो, "सर, लिब्रेऑफिसची २५.२ ही आवृत्ती निघाली आहे आणि आपल्याकडे अजून ७.४ आहे. आपण इतके मागे कसे राहिलो?"

वरकरणी तिन्ही प्रश्न एकच वाटतात. नवे कोठे मिळेल, एवढेच त्यांत विचारलेले दिसते. परंतु त्यांची उत्तरे तीन निरनिराळी आहेत. स्थिर प्रणालीला धक्का न लावता नव्याचा शोध कसा घ्यावा, आणि केव्हा तो घेऊ नये, हे समजून घेणे हाच ह्या पाठाचा विषय आहे.

२. पॅकेज आणि भांडार

लिनक्स हे नाव खरे पाहता एका कर्नलचे आहे. यंत्राचे भाग आणि प्रोग्रॅम ह्यांच्यामधील दुवा म्हणजे कर्नल. हेलसिंकी येथे शिकत असलेल्या लिनस टोरवाल्ड्स ह्यांनी तो १९९१ साली जगापुढे ठेवला. नुसत्या कर्नलने कोणाचेच काम भागत नाही. त्याच्याबरोबर हजारो प्रोग्रॅम लागतात. ते सर्व एकत्र करून, एकमेकांशी जुळवून, वापरण्याजोगी प्रणाली तयार करणाऱ्या उपक्रमास 'वितरण' म्हणतात. डेबियन हे असेच एक वितरण असून ते इयान मर्डॉक ह्यांनी १९९३ साली सुरू केले. उबुंटू हे वितरण, तसेच भारतात सी-डॅक ह्या संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही प्रणाली, ही दोन्ही डेबियनवरच आधारलेली आहेत.

वितरणातील प्रत्येक प्रोग्रॅम 'पॅकेज' ह्या रूपात ठेवलेला असतो. पॅकेजात प्रोग्रॅमच्या फायली तर असतातच, पण त्यांबरोबर एक माहितीपत्रही असते. ह्या प्रोग्रॅमला आणखी कोणती पॅकेजे लागतात आणि त्यांची निदान कोणती आवृत्ती लागते, हे त्यात नोंदलेले असते. ह्या नात्यास 'अवलंबन' म्हणतात. अनेक प्रोग्रॅमांना समाईक लागणारे साहित्य एका ठिकाणी ठेवलेले असते, त्यास संगणकाच्या परिभाषेत 'लायब्ररी' असे नाव आहे. बहुतेक अवलंबने अशा लायब्रऱ्यांवरच असतात.

ही सर्व पॅकेजे ज्या ठिकाणी साठविलेली असतात ते 'भांडार' होय. ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ च्या, म्हणजे 'ट्रिक्सी'च्या, भांडारात सुमारे ७० हजार पॅकेजे होती. भांडारातून पॅकेज आणून, त्याची अवलंबने पुरी करून ते संगणकावर बसविण्याचे काम 'ॲप्ट' नावाचा प्रोग्रॅम करतो.

३. 'स्थिर' म्हणजे काय?

डेबियनमध्ये पॅकेजाचा प्रवास तीन शाखांतून होतो. नवे पॅकेज प्रथम 'अनस्टेबल', म्हणजे अस्थिर, शाखेत दाखल होते. तेथे साधारणतः दोन ते दहा दिवस राहिल्यावर, त्यात नवा गंभीर दोष आढळला नाही आणि त्याची अवलंबने पुरी होत असली, तर ते 'टेस्टिंग', म्हणजे परीक्षण, शाखेत जाते. सुमारे दोन वर्षांनी ही परीक्षण शाखा गोठविली जाते. नवी भर थांबते, केवळ दोष काढण्याचे काम चालते, आणि शेवटी तीच शाखा 'स्टेबल', म्हणजे स्थिर, आवृत्ती म्हणून प्रसिद्ध होते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'स्थिर' ह्याचा अर्थ 'निर्दोष' असा नाही. २००६ साली डेबियनमध्ये ओपनएसएसएल ह्या पॅकेजात केलेल्या एका बदलामुळे, गुप्त संदेशवहनासाठी लागणाऱ्या किल्ल्या सहज ओळखता येण्याजोग्या तयार होऊ लागल्या. हा दोष २००७ सालच्या स्थिर आवृत्तीतही उतरला, आणि मे २००८ मध्ये तो उघडकीस येईपर्यंत तसाच राहिला. तेव्हा स्थिर शाखेतही चूक असू शकते.

मग स्थिरतेचा खरा अर्थ कोणता? स्थिर प्रणालीचे वर्तन सहसा बदलत नाही. आज ज्या आज्ञेने जे काम होते, त्याच आज्ञेने तेच काम सहा महिन्यांनीही होते. परीक्षेच्या आदल्या रात्री संगणक अद्ययावत केला, तरी सकाळी खिडकीतील बटणे जागा बदलून बसलेली नसतात. शाळेच्या दृष्टीने ह्या गुणाचे मोल फार मोठे आहे. डेबियनच्या एका स्थिर आवृत्तीस तीन वर्षे पूर्ण आणि त्यापुढे दोन वर्षे दीर्घकालीन, अशी एकूण पाच वर्षे दुरुस्ती मिळते, ती ह्या गुणास जपूनच दिली जाते.

४. आवृत्तीचा आकडा कसा फसवितो?

आता आपल्या चौकस विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. ७.४ आणि २५.२ ह्या आकड्यांतील अंतर पाहून मध्ये अठरा पायऱ्या गेल्या असाव्यात असे वाटते. प्रत्यक्षात तसे नाही. लिब्रेऑफिसची ७.६ ही आवृत्ती २०२३ साली निघाली, आणि २०२४ च्या आरंभी तिच्या कर्त्यांनी क्रमांक देण्याची रीतच बदलली. तेव्हापासून क्रमांकात वर्ष आणि महिना येऊ लागला. म्हणून ७.६ नंतरची आवृत्ती एकदम २४.२ झाली. ७.४ नंतर ७.५, ७.६, २४.२, २४.८ आणि मग २५.२, एवढ्याच पाच पायऱ्या होतात. आकड्याची उडी ही प्रगतीची उडी नव्हे.

दुसरी गोष्ट ह्याहून महत्त्वाची आहे. एखाद्या प्रोग्रॅममध्ये सुरक्षेचा दोष सापडला, म्हणजे मूळ कर्ते बहुधा तो नव्या आवृत्तीत दुरुस्त करतात. डेबियनचे सुरक्षा-पथक मात्र सामान्यतः ती नवी आवृत्ती स्थिर शाखेत आणीत नाही. नव्या आवृत्तीतून केवळ त्या दुरुस्तीच्या ओळी वेचून काढून त्या जुन्या आवृत्तीत बसविल्या जातात. त्यामुळे मुख्य आकडा तोच राहतो, आणि त्याच्या शेपटीला '+डेब१२यू१', '+डेब१२यू२' अशी खूण जोडली जाते. जो केवळ पहिला आकडा वाचतो, त्याला पॅकेज जुने व म्हणून धोक्याचे वाटते. जो शेपटी वाचतो, त्याला ते दुरुस्त झालेले असल्याचे कळते.

म्हणून नव्याचा शोध आकड्यापासून सुरू करू नये. मला कोणते काम करावयाचे आहे आणि सध्याच्या आवृत्तीने ते का होत नाही, ह्या प्रश्नापासून त्याचा आरंभ व्हावयास पाहिजे.

५. शोधाची रीत

गरज खरी आहे असे ठरले, म्हणजे पुढील क्रमाने जावे. आज्ञा संगणकावर रोमन लिपीत द्यावयाच्या असतात. येथे त्या नागरीत लिहिल्या आहेत.

पहिली पायरी सूची ताजी करण्याची आहे. 'ॲप्ट अपडेट' ही आज्ञा दिली असता भांडारांतील पॅकेजांच्या याद्या नव्याने आणल्या जातात. ह्या आज्ञेने एकही प्रोग्रॅम बदलत नाही. प्रोग्रॅम बदलण्याचे काम 'ॲप्ट अपग्रेड' ही दुसरी आज्ञा करते. नवशिक्यांकडून ह्या दोहोंची गल्लत नेहमी होते.

दुसरी पायरी, आपल्याजवळ काय आहे आणि काय मिळू शकते हे पाहणे. 'ॲप्ट पॉलिसी' असे लिहून पुढे पॅकेजाचे नाव दिले, की सध्या बसविलेली आवृत्ती, बसविण्यास पात्र ठरलेली आवृत्ती, आणि प्रत्येक भांडारात उपलब्ध असलेली आवृत्ती असा तक्ता पडद्यावर येतो. तक्त्यात प्रत्येक भांडारापुढे एक प्राधान्यांकही असतो. त्याचा उपयोग आपण पुढे पाहू.

तिसरी पायरी, भांडाराबाहेरून नजर टाकणे. पॅकेजेस डॉट डेबियन डॉट ऑर्ग ह्या पत्त्यावर पॅकेजाचे नाव शोधले असता स्थिर, परीक्षण आणि अस्थिर ह्या तिन्ही शाखांत त्याची कोणती आवृत्ती आहे हे एका दृष्टिक्षेपात समजते. ट्रॅकर डॉट डेबियन डॉट ऑर्ग येथे पॅकेजाचा इतिहास पाहावयास मिळतो. ते केव्हा दाखल झाले, त्यात कोणते दोष नोंदले आहेत, आणि परीक्षण शाखेत जाताना ते अडले असेल तर का अडले, ह्याची उत्तरे तेथे सापडतात.

चौथी पायरी, बदलांची नोंद वाचणे. प्रत्येक पॅकेजाबरोबर त्यात झालेल्या बदलांची तारीखवार वही येते. आपल्याला हवा असलेला गुण नव्या आवृत्तीत खरोखर आला आहे काय, की केवळ आकडाच वाढला आहे, हे ह्या वहीवरून ठरते. ही पायरी बहुतेक जण वगळतात, आणि पुष्कळदा नवे पॅकेज बसवूनही अडचण तशीच राहते ती ह्यामुळेच.

६. बॅकपोर्ट: नवे पॅकेज, जुना पाया

समजा, आपल्याला हवी असलेली आवृत्ती परीक्षण शाखेत आहे. ती तेथून सरळ उचलून आणता येईल काय? आणता येते, पण तसे करू नये, आणि त्याचे कारण अवलंबनात आहे. बहुतेक सर्व प्रोग्रॅम सी भाषेच्या मूलभूत लायब्ररीवर उभे असतात. बुकवर्ममध्ये ह्या लायब्ररीची आवृत्ती २.३६ होती, तर ट्रिक्सीत ती २.४१ झाली. २.४१ वर घडविलेला प्रोग्रॅम पुष्कळदा नव्या लायब्ररीची मागणी करतो. ती पुरी करावयाची तर पायाच बदलावा लागतो, आणि त्या पायावर प्रणालीतील शेकडो इतर पॅकेजे उभी असतात. पुन्हा मागे यावयाचे म्हटले तर तशी सोय नाही, कारण पॅकेज जुन्या आवृत्तीकडे नेण्याची हमी डेबियन देत नाही. एक खिडकी बदलावयास जावे आणि घराचा पाया उकरावा, असा हा प्रकार होतो.

ह्यावर डेबियनने काढलेला उपाय म्हणजे 'बॅकपोर्ट'. परीक्षण शाखेतील पॅकेजाची मूळ संहिता घ्यावयाची आणि ती स्थिर शाखेच्या जुन्या लायब्रऱ्यांवर पुन्हा घडवावयाची. प्रोग्रॅम नवा असतो, पण पाया जुनाच राहतो. हे काम आरंभी काही स्वयंसेवक स्वतंत्रपणे करीत असत. २०१० साली ते डेबियनचे अधिकृत अंग झाले.

बॅकपोर्टचे भांडार ॲप्टच्या यादीत जोडले, तरी प्रणालीत आपोआप काहीही बदलत नाही. येथे तो प्राधान्यांक उपयोगी पडतो. स्थिर भांडाराचा प्राधान्यांक ५०० असतो, बॅकपोर्ट भांडाराचा १००. नेहमीच्या रीतीने एखादे पॅकेज मागितले तर ॲप्ट ५०० चे भांडार निवडतो. आपण आज्ञेत बॅकपोर्टचे नाव स्पष्टपणे घेतले, तरच तेथील पॅकेज येते. एकदा ते बसविले, की पुढे त्याच्या सुधारणा मात्र बॅकपोर्टमधून आपोआप मिळत राहतात. वीस हजार गोष्टी स्थिर ठेवून एकच नवी घेता येते, ती ह्या साध्या व्यवस्थेमुळे.

आवृत्तीच्या आकड्यातील एक लहानसे चिन्हही येथे पाहण्याजोगे आहे. परीक्षण शाखेत पॅकेजाचा क्रमांक '२.०-१' असेल, तर बुकवर्मसाठी केलेल्या त्याच्या बॅकपोर्टचा क्रमांक '२.०-१~बीपीओ१२+१' असा असतो. मधले लाटेसारखे चिन्ह डेबियनच्या क्रमव्यवस्थेत सर्वांत हलके मानलेले आहे. त्यापुढे काहीच नसणे हेसुद्धा त्याहून भारी ठरते. म्हणून '२.०-१~बीपीओ१२+१' ही आवृत्ती '२.०-१' पेक्षा किंचित जुनी गणली जाते. ह्याचा लाभ असा, की प्रणाली पुढच्या स्थिर आवृत्तीवर नेली, म्हणजे तेथील '२.०-१' हे पॅकेज नवे ठरून बॅकपोर्टची जागा आपोआप घेते. तात्पुरती ठेवलेली वस्तू मुक्काम हलताना आपण होऊन बाजूला होते.

बॅकपोर्टच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्या. प्रत्येक पॅकेजाचे बॅकपोर्ट होतेच असे नाही. त्यांच्या सुरक्षेची जबाबदारी मुख्य सुरक्षा-पथकावर नसून ती तयार करणाऱ्या स्वयंसेवकांवर असते. म्हणून लागतील तेवढीच घ्यावी.

७. भांडाराबाहेरचे मार्ग

बॅकपोर्टमध्ये हवे ते नसेल, तर आणखी मार्ग आहेत. 'फ्लॅटपॅक' ह्या पद्धतीत प्रोग्रॅम आपल्या लायब्रऱ्या वेगळ्या घेऊन येतो आणि प्रणालीच्या पॅकेजांना हात लावीत नाही. त्यासाठी डिस्कवर जागा अधिक लागते, पण कागदपत्रे, चित्रे किंवा ध्वनी ह्यांवर काम करणाऱ्या मोठ्या प्रोग्रॅमांना ही पद्धत सोयीची आहे.

पायथॉनच्या मॉड्यूलांसाठी निराळी सोय आहे. डेबियन १२ पासून, पिप ह्या साधनाने सर्व प्रणालीसाठी मॉड्यूल बसवू गेल्यास ते नकार देते, कारण तसे केल्याने प्रणालीचे स्वतःचे प्रोग्रॅम बिघडू शकतात. त्याऐवजी प्रत्येक प्रकल्पासाठी 'आभासी परिसर' नावाचा स्वतंत्र कप्पा करावा आणि नवी मॉड्यूले त्यात ठेवावी. कप्पा पुसून टाकला, की प्रणाली पूर्ववत असते.

एखाद्या अनोळखी स्थळावरील भांडार ॲप्टच्या यादीत जोडणे, हा मार्ग सर्वांत शेवटी ठेवावा. पॅकेज बसविताना त्यातील आज्ञा संपूर्ण अधिकाराने चालविल्या जातात. म्हणजे परक्या भांडाराला घराच्या सर्व किल्ल्या दिल्यासारखेच होते.

८. नव्याची किंमत

ही सावधगिरी निष्कारण नाही, हे २०२४ साली दिसून आले. 'एक्सझेड' नावाचे, फायली लहान करण्याचे एक साधे साधन आहे आणि ते जवळजवळ प्रत्येक लिनक्स-प्रणालीत असते. त्याच्या कामात सुमारे दोन वर्षे मदत करून विश्वास मिळविलेल्या, टोपणनावाने वावरणाऱ्या एका व्यक्तीने त्याच्या ५.६.० व ५.६.१ ह्या आवृत्त्यांत एक चोरवाट लपविली. त्या वाटेने दूरच्या संगणकात शिरता येणार होते.

आंद्रेस फ्रॉइंड नावाचे एक अभियंते डेबियनच्या अस्थिर शाखेवर काम करीत होते. दूरच्या प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी त्याचा माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी ही चोरवाट जगापुढे मांडली. तोपर्यंत ती आवृत्ती डेबियनच्या अस्थिर व परीक्षण शाखांत पोचली होती. स्थिर शाखेत ती पोचली नव्हती.

ह्या घटनेतून दोन बोध घ्यावयाचे आहेत. स्थिर शाखेचा संथपणा हा तिचा आळस नसून, चूक उघडी पडण्यास दिलेला अवधी आहे. पण तो अवधी फळाला यावयाचा, तर कोणीतरी नवे वापरून, डोळे उघडे ठेवून ते तपासले पाहिजे. नवे वापरणारे आणि जुने जपणारे अशा दोघांच्याही आधारावर ही व्यवस्था उभी आहे.

९. तीन प्रश्नांची उत्तरे

आता आपल्या शाळेकडे परत येऊ. नव्या लॅपटॉपची गरज खरी होती. बुकवर्मचा ६.१ हा कर्नल प्रसिद्ध झाला तेव्हा ते वायफायचे कार्ड बाजारातच नव्हते. येथे बॅकपोर्टमधील ६.१२ हा कर्नल घेणे योग्य होय. कर्नलच्या दोन आवृत्त्या एका संगणकावर एकत्र राहू शकतात. नवा बिघडला तर संगणक सुरू होताना जुना निवडता येतो, म्हणजे परतीची वाट मोकळी राहते. नवा कर्नल त्या एका लॅपटॉपवर बसवावा, उरलेल्या वीस संगणकांना हात लावू नये.

पायथॉनच्या वर्गाची गरजही खरी होती, पण ती प्रणालीची गरज नव्हती. तिचे उत्तर आभासी परिसर हे होय.

तिसऱ्या प्रश्नाला शिक्षकांनी उलट प्रश्न करावा, "७.४ मध्ये तुझे कोणते काम अडले आहे?" अडले असेल, तर आधी बॅकपोर्ट आणि मग फ्लॅटपॅक पाहावे. काहीच अडले नसेल, तर विद्यार्थ्याला आवृत्तीची शेपटी वाचून दाखवावी. आपण मागे राहिलो नसून दुरुस्त होत होत येथवर आलो आहोत, हे त्याला त्यावरून समजेल.

ही सर्व जुळवाजुळव करणारे पुष्कळसे लोक स्वयंसेवक आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांची वार्षिक परिषद केरळात कोची येथे भरली होती. आज जो विद्यार्थी पॅकेजाची बदल-वही वाचावयास शिकेल, तो उद्या त्या वहीत आपली एक ओळ लिहूही शकेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. 'ॲप्ट अपडेट' आणि 'ॲप्ट अपग्रेड' ह्या आज्ञांतील फरक उदाहरण देऊन सांगा.

२. '३.१-२', '३.१-२~बीपीओ१२+१' आणि '३.०-५' ह्या आवृत्त्या जुनीपासून नवीपर्यंत क्रमाने लावा आणि त्या क्रमाचे कारण लिहा.

३. स्थिर शाखेतील एखाद्या पॅकेजाचा मुख्य आकडा दोन वर्षे बदलला नाही. तेवढ्यावरून ते असुरक्षित आहे असे म्हणता येईल काय?

४. आपल्या शाळेतील किंवा वाचनालयातील एखाद्या लिनक्स-संगणकावर तीन पॅकेजे निवडा. प्रत्येकाची बसविलेली आवृत्ती आणि भांडारातील आवृत्ती ह्यांचा तक्ता करा. कोणते बदलण्याची खरी गरज आहे, ते कारणासह सांगा.